आधी पाणी, मग कॉम्प्रेसर: वसतिगृहाचा हीट पंप पहिल्यांदा सुरू करताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला 150 मुलांचं वसतिगृह, आंघोळीच्या पाण्यासाठी 12 किलोवॅटचा पाण्यावर चालणारा हीट पंप बसवलाय, तो बोअरच्या 30 हजार लिटरच्या हौदातल्या पाण्यातून उष्णता घेतो. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार आहे. वायरमन म्हणतो, जोडणी झालीय, बटण दाबू. दाबायचं का?

नाही. कॉम्प्रेसर, म्हणजे मशीनमधली उष्णता वाहून नेणारा गॅस दाबून फिरवणारा भाग, चार दिवस थांबू द्या. पहिली सुरुवात कंपनीच्या माणसाशिवाय केली तर वॉरंटीचा वाद होतो, हे एक कारण. पण खरं कारण पाण्याचं आहे. मी बावीस वर्षं हे काम करतोय, आणि मशीन बिघडायची सुरुवात बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूने झालेली पाहिलीय. हे चार दिवस पाण्याची तयारी करण्यात घालवा.

एक प्रसंग सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका ठिकाणी असंच मशीन होतं. पाणी थांबलं की कॉम्प्रेसर बंद करणारा फ्लो स्विच सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. एका रात्री हौदाच्या पंपाने हवा धरली. पाणी थांबलं, कॉम्प्रेसर चालूच. सकाळी मी पोहोचलो तेव्हा प्लेटचा एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांचा डबा, ज्यात पाण्याची उष्णता गॅसला मिळते) आतून फाटला होता आणि पाणी गॅसच्या नळीत शिरून कॉम्प्रेसरपर्यंत गेलं होतं. मालक म्हणाले, "मे महिन्यात, आपल्या मराठवाड्यात, बर्फ कुठून आला?" विहिरीचं पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर असतं, हे खरंच. पण प्लेटच्या आत एका वेळी पाणी असतं फार थोडं. ते वाहत असेल तर उष्णता देऊन पुढे जातं. थांबलं की गॅस त्याच पाण्यातून उष्णता ओढत राहतो आणि काही मिनिटांत ते शून्याखाली जातं. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, आणि त्या पातळ पत्र्याला तेवढं झेपत नाही. म्हणून फ्लो स्विच आणि बर्फापासून वाचवणारा थर्मोस्टॅट हे दोन्ही कधीही "तात्पुरते" बायपास करू देऊ नका.

आता तयारी. मशीनच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडवून घ्या आणि येणारी-जाणारी लाइन होजने एकमेकींना जोडा, म्हणजे पाणी मशीनला वळसा घालून फिरेल. मग पंप चालवा. नव्या लाइनमध्ये वेल्डिंगचा कचरा, टेफ्लॉनचे तुकडे, दोऱ्याचा भुसा असतो, आणि आपल्याकडच्या बोअरमधून बारीक मुरूम येतो तो वेगळाच. कचरा अडवणाऱ्या स्ट्रेनरची जाळी काढा, धुवा, परत बसवा. सलग दोन वेळा जाळी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. मी एका साइटवर सात वेळा धुतली होती. त्यानंतरच नळ्या मशीनला जोडा आणि सगळ्यात वरच्या जागेवरून हवा काढा. नळीतून खुळखुळ ऐकू येत असेल तर हवा अजून आत आहे.

किती पाणी लागतं याचा हिशोब सोपा आहे. 12 किलोवॅट गरम पाण्याला मिळतात, त्यातले साधारण 3 विजेचे, उरलेले 9 हौदाच्या पाण्यातून. 1 किलोवॅट म्हणजे तासाला 860 किलोकॅलरी. म्हणजे 9 किलोवॅटला 7,740. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना 5 अंशांचा फरक धरला तर तासाला सुमारे 1,550 लिटर, म्हणजे मिनिटाला 26 लिटर. फ्लो मीटर नसेल तर परतीची नळी बादलीत धरा: 20 लिटरची बादली सुमारे 46 सेकंदांत भरायला हवी. मात्र तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

तुम्ही परतीचं पाणी हौदातच सोडलंय, ते फार चांगलं केलंत. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात बोअरचं पाणी एकदा वापरून गटारात सोडणं मला सहन होत नाही. रोज 3,000 लिटर पाणी 25 वरून 55 अंशांवर न्यायला साधारण 105 युनिट उष्णता लागते. गिझरने तेवढीच वीज गेली असती, इथे सव्वीसेक युनिटांत काम होईल. मशीन पावणेनऊ तास चालेल आणि हौदाचं पाणी फार तर सव्वादोन अंशांनी गार होईल. तेच पाणी पुढे टाकीत चढवून वापरा.

वीज हा भाग परवानाधारक वायरमनकडेच ठेवा, पण शेजारी उभ्या राहा. पॅनल उघडण्याआधी मेन बंद, कुलूप लावलेलं आणि किल्ली त्याच्या खिशात. टेस्टरने वीज नसल्याची खात्री झाल्यावरच हात लावायचा. सगळे लग्ज, म्हणजे वायरींच्या टोकांचे जोड, आवळून घ्यावेत, वाहतुकीत ते ढिले होतात. अर्थिंगचा खड्डा बघा: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, तिथे पाणी घालत राहावं लागतं. तिन्ही फेजमधला व्होल्टेज मोजून घ्या. समजा 410, 415 आणि 399 आले, तर सरासरी 408, सगळ्यात जास्त तफावत 9, म्हणजे 2.2 टक्के. 2 टक्क्यांच्या वर मी मशीन सुरू करत नाही, आधी लाइन दुरुस्त करून घेतो. एखादी फेज गेली की मशीन बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल तर बसवा.

क्रँककेस हीटर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तळाचं तेल गरम ठेवणारा हीटर, असेल तर पहिल्या सुरुवातीच्या 24 तास आधी पुरवठा द्यायचा, पण थर्मोस्टॅट बंद ठेवून, म्हणजे कॉम्प्रेसर लागणार नाही. बंद मशीनमध्ये गॅस तेलात मुरतो. हीटरने तो बाहेर काढला नाही तर सुरू होताच तेलाचा फेस होतो आणि बेअरिंग कोरडी पडतात.

कंपनीचा माणूस आला की घाई करू देऊ नका. वीस मिनिटांत सही घेऊन जाणारे मी पाहिलेत. आधी पाण्याचे दोन्ही पंप, हौदाकडचा आणि गरम बाजूचा, चालू करायचे. मग कॉम्प्रेसर लागायच्या आत हौदाकडचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करून फ्लो स्विच खरंच सर्किट तोडतो का, हे तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. हे झाल्याशिवाय सही करू नका. व्हॉल्व्ह परत पूर्ण उघडला, पाणी आलं, की मग कॉम्प्रेसर. स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खडखड आवाज येतो, करंट कमी दिसतो आणि गरम नळी गरम होत नाही. लगेच बंद करून, मेन पाडून, येणाऱ्या कोणत्याही दोन फेज बदलायच्या. मेनवरच्या फेज बदलल्या तर थ्री फेज पंपही उलटे होतात, त्यांची दिशा पुन्हा बघा. बंद केल्यावर पाच मिनिटं तरी परत सुरू करायचं नाही.

वीस मिनिटं स्थिर चालू द्या. मग चार तापमानं घ्या: हौदाकडचं आत-बाहेर, गरम बाजूचं आत-बाहेर. त्यासोबत तिन्ही फेजचा करंट. हौदाच्या बाजूला फरक 4 ते 6 अंश असेल तर छान. 8-9 आला तर पाणी कमी वाहतंय. 2 आला तर एकतर पाणी जास्त आहे किंवा कॉम्प्रेसर काम करत नाहीये. ताळाही जमतो का बघा: हौदातून घेतलेली उष्णता अधिक विजेचे किलोवॅट हे गरम बाजूच्या उष्णतेच्या जवळ यायला हवेत. दहा टक्क्यांपेक्षा जास्त चुकलं तर मोजण्यात गडबड आहे, आधी ती शोधा.

ही तापमानं ठीक असतील तर गॅसला दाब मोजायचं गेज लावायला सांगू नका. प्रत्येक वेळी थोडा गॅस जातो. गॅस आर-410ए प्रकारचा असेल तर 55 अंशांचं पाणी करताना गरम बाजूला 35 बारच्या आसपास दाब असतो, कारच्या टायरमध्ये सव्वादोन असतो. त्या नळ्यांना तुमच्या माणसांनी हातही लावायचा नाही. मशीन जिन्याखालच्या बंद खोलीत असेल तर हवा जायला जागा करा, आणि नेमप्लेटवर आर-290 असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे, ते आधी कळवा.

हाय प्रेशर ट्रिप, म्हणजे गॅसचा दाब फार चढून मशीन आपोआप बंद पडणं, पुढेमागे येईलच. आपलं बोअरचं पाणी जड. 55 अंशांना तापलं की क्षार प्लेटला धरतात, दाब चढतो. एकदा रीसेट करून बघा, दुसऱ्यांदा ट्रिप झालं तर थांबा आणि गरम बाजूची धुलाई करून घ्या. पाण्यातले क्षार कमी करणारा सॉफ्टनर लावलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो नसेल तर मुलं राहायला यायच्या आत लावा.

पहिल्या दिवसाचे चारही आकडे, करंट आणि बादली भरायला लागलेले सेकंद मशीनजवळ भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा ते कामी येतील. नेमप्लेटवरचा गॅस आणि करंटचा आकडा कळवा, मग तुमच्या मशीनचं नेमकं सांगतो.