ट्यूटर सर मागच्या इयत्तेचं गणित घेतायत, बदलायचे का?

हा प्रश्न माझ्याकडे पालकांकडून सारखा येतो म्हणून एकदा नीट लिहावंच म्हटलं. मुलाला एकट्यासाठी ट्यूशन लावलीये पण सर शाळेतला चालू धडा सोडून भलतंच काहीतरी घेतायत, त्यात त्यांच्याकडे शिकवण्याची डिग्रीपण नाही, मग हे बरोबर चाललंय का? अशाच एका कुटुंबाबद्दल सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी आठवीत. बाकी विषय ठीक, गणितात मात्र दरवेळी काठावर. आई फारच वैतागलेली होती, म्हणाली मॅडम महिना होत आला, सर अजून बेरजा-वजाबाक्या आणि अपूर्णांकच घेऊन बसलेत, शाळेत समीकरणं चालू आहेत, परीक्षा तोंडावर आलीये. सर मूळचे इंजिनिअर, बीएड नाही, आणि ते स्वतः फारसं बोलतच नाहीत, आमची पोरगीच बोलत असते, मग पैसे कशाचे देतोय आम्ही?

मी म्हटलं, बदलायचंच असेल तर बदला पण आधी एकदा त्यांनाच विचारूया ना. तर पुढच्या वेळी सर पण आले आणि येताना एक वही घेऊन आले. त्या वहीत मार्क नव्हते, मुलीच्या चुका होत्या, तारखेसकट लिहिलेल्या, आणि प्रत्येक चुकीपुढे तिने तसं का केलं ते तिच्याच शब्दांत.

पहिल्याच पानावर होतं ८ + ४ = __ + ५. मुलीने मोकळ्या जागेत १२ लिहिलं होतं. आईला धक्काच बसला, आठवीतल्या मुलीला एवढं येत नाही? पण खरं सांगते, ही चूक फार फार मुलं करतात. अमेरिकेत १९९९ साली छापलेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच गणित दिलं होतं आणि सगळ्यांनी १२ नाहीतर १७ लिहिलं, बरोबर उत्तर ७ एकालाही आलं नाही. कारण मुलांच्या डोक्यात बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं बसलेलं असतं, दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे बसलेलंच नसतं. आता हेच डोक्यात घेऊन मूल समीकरणाला भिडलं की दोन्ही बाजूंतून ५ वजा करा म्हटल्यावर त्याला त्यात काही अर्थच लागत नाही, मग ते स्टेप्स पाठ करतं, आणि पेपरात आकडे बदलले की गाडी अडते. अपूर्णांकांचंही तेच, १/२ + १/३ ला ती २/५ लिहीत होती, वर वर बेरीज, खाली खाली बेरीज. मग एक्स/२ + एक्स/३ कसं सोडवणार ती?

म्हणजे सर मागे गेले नव्हते, मुलगी जिथे अडकली होती तिथे जाऊन बसले होते. माझ्या मते वैयक्तिक शिकवणी म्हणतात ती हीच, नाहीतर वर्गातलंच लेक्चर एका मुलापुढे देण्यात काय फायदा?

डिग्रीचं म्हणाल तर बीएडला मी अजिबात कमी लेखत नाही. पण ली शुलमन नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये एक मुद्दा मांडला तो मला फार पटतो. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती माहीत असणं वेगळं, आणि या विषयात मुलं नेमकी कुठे अडखळतात, कुठला गैरसमज घेऊन येतात हे माहीत असणं हे तिसरंच ज्ञान आहे. ह्या सरांनी नोकरी सोडल्यावर बरीच वर्षं गणितात मागे पडलेल्या मुलांनाच शिकवलंय आणि ते तिसरं ज्ञान त्यांच्या वहीत स्पष्ट दिसत होतं.

आणि कमी बोलतात त्याचं, तर मुलीला बोलतं करणं हेच त्यांचं काम आहे. २००१ च्या एका प्रयोगात ट्यूटरना समजावून सांगायला मनाई केली, फक्त मुलांना विचारत राहायचं, तरी मुलं तेवढीच शिकली.

वडिलांनी मध्येच विचारलं की हिची लर्निंग स्टाइल टेस्ट करून घ्यायची का, व्हिज्युअल आहे की ऑडिटरी, म्हणजे बघून शिकते की ऐकून, मग तसं शिकवता येईल. मी नको म्हटलं. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं तेव्हा स्टाइलप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. चित्र काढून अपूर्णांक समजावले तर ते सगळ्याच मुलांना उपयोगी पडतं. मुलामुलांत खरा फरक कोणाला आधीचं काय येतं आणि काय राहून गेलंय यात असतो, पैसे आणि वेळ तिथे घाला.

आईची परीक्षेची काळजी मात्र अगदी रास्त होती, ती उडवून लावण्यात अर्थ नाही, वर्गात रोज न कळणारं ऐकत बसणं मुलीलाही जड जात होतं. म्हणून असं ठरलं की तासाचा पहिला भाग जुन्या कच्च्या गोष्टींसाठी आणि उरलेल्या वेळात शाळेतलं चालू असलेलं एखादं उदाहरण, आणि दर पंधरा दिवसांनी सर आईवडिलांना ती वही दाखवणार.

तुमच्या घरी असंच चालू असेल तर ट्यूटरना सरळ विचारा, माझं मूल नेमकं कुठे अडतंय आणि ते तुम्हाला कशावरून कळलं? काही आठवडे शिकवूनही उत्तर 'बेसिक कच्चं आहे, प्रॅक्टिस कमी पडते' एवढंच येत असेल तर मग डिग्री कितीही मोठी असो, दुसरं कोणीतरी बघा. मुलालाही विचारा, चुकलं तर सरांना सांगायला भीती वाटते का? वाटत असेल तर चुका लपवल्या जाणार आणि मग एकट्याला शिकवण्याचा उपयोगच राहत नाही.

त्या परीक्षेत मुलीचे मार्क थोडेच वाढले, पण तिने समीकरणाची उदाहरणं न सोडता सगळी करून बघितली होती. त्यांनी सर बदलले नाहीत. शाब्दिक उदाहरणांत ती अजून अडते, सध्या वहीत त्यावर काम चालू आहे.