मूळ पावसाच्या मुलखातले लिंबू उसाच्या रानात का कुजते?

प्रश्न (शिरोळ तालुका): लिंबूवर्गीय झाडे मूळची आसाम-मेघालयाच्या भरपूर पावसातली असे वाचले. मग आमच्या काळ्या रानातल्या कागदी लिंबाच्या बुंध्यातून पावसाळ्यानंतर डिंक का येतो? पानेही पिवळी पडतात.

उत्तर: वाचले ते बरोबर आहे. २०१८ मधील जनुकीय अभ्यासानुसार या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनानच्या पट्ट्यात झाला. पण तो मुलूख उताराचा. पाऊस कितीही पडो, मुळाशी पाणी थांबत नाही. शिरोळच्या काळ्या रानात मात्र उसाच्या पाटाचे पाणी आणि कृष्णा-पंचगंगेच्या पुराचा फुगवटा दोन्ही मुरतात. मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जंतूचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत सालीपर्यंत येतात. डिंक आणि पिवळी पाने ही त्याचीच लक्षणे.

या डिंक्या रोगाने जगभरच्या बागांची घडी बदलली आहे. महाळुंग इराणमार्गे भूमध्य सागराकडे आधी गेले, लिंबू व आंबट नारिंग अरबांनी पुढे नेले, १४९३ च्या सफरीत कोलंबसाने बिया अमेरिकेच्या बेटांवर पोहोचवल्या. १९व्या शतकात अझोर्स बेटांवर डिंक्याने बागा बसल्या, तेव्हा आंबट नारिंगाच्या खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर) कलमे बांधण्याची वाट धरली गेली. १९३० नंतर मावा या रस शोषणाऱ्या किडीने पसरणाऱ्या ट्रिस्टेझा विषाणूने ब्राझील-अर्जेंटिनात त्याच खुंटावरची लाखो झाडे मारली. मग ब्राझीलने आपल्याकडच्या रंगपूर लिंबाचा खुंट धरला. मोसंबी-संत्रा लावणाऱ्यांनी भारी जमिनीत जंभेरी या नेहमीच्या खुंटाऐवजी हाच खुंट घ्यावा आणि डोळा (कलमाचा जोड) जमिनीपासून २२ ते २५ सेंमी वर असलेलेच कलम निवडावे. लावताना हा जोड मातीत गेला तर खुंट वापरल्याचा उपयोग नाही.

कागदी लिंबू मात्र बहुधा बियांच्या रोपावरच वाढते. ती रोपे बहुतांशी मूळ झाडासारखीच निघतात, त्यामुळे वाणाची चिंता नाही, पण खुंटाचा आधारही नाही. म्हणून निचरा हवाच. दोन ओळींमधून उताराच्या दिशेने ४५ सेंमी खोल चर काढून बांधाबाहेर सोडा. पाणी दुहेरी आळ्यानेच (बुंध्याभोवती आतले कोरडे आळे, पाणी बाहेरच्या आळ्यात) द्या, बुंधा कोरडा राहिला पाहिजे. खोडाला लावलेली मातीची भर काढून टाका.

डिंक आलेल्या झाडाची कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडा, खरवड जाळा आणि बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा. घासलेला विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. नाहीतर साल भाजते. पेस्ट त्याच दिवशी संपवा. पावसाळ्याआधी आणि नंतर १ मीटर उंचीपर्यंत खोडाला लावा. मुळांसाठी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे मिश्रण १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात आळ्यात ओता.

बुंध्याच्या निम्म्याहून अधिक घेरात साल कुजली असेल तर झाड मुळासकट काढा. त्याच खड्ड्यात पुन्हा लिंबू लावू नका.