गुहागरसारख्या ठिकाणी राहून, वय २७, आधी कुठलाच डान्स शिकलेली नसताना मॉडर्न डान्स शिकता येईल का?

तुमच्याकडे क्लास नाही, भरतनाट्यम-कथक कधी झालेलं नाही, जागा म्हणजे घरातला लादीचा हॉल आणि गुरू म्हणजे मोबाईल, एवढ्यावर मॉडर्नचं टेक्निक आणि क्रिएटिव्ह मूव्हमेंट दोन्ही जमेल का असं विचारलंय तुम्ही. मी चिपळूणकडचा, कॉलेजला मुंबईत होतो तेव्हा शिकलो, आता मे महिन्यात गावातल्या पोरांना थोडंफार शिकवतो, त्यावरून सांगतो. अर्धं जमेल, आणि ते अर्धं आजपासून जमेल.

वयाचं आधी सोडून द्या. जिच्या नावाने आख्खं टेक्निक चालतं ती मार्था ग्रॅहम १९१६ला डान्स शाळेत गेली तेव्हा २२ची होती. आपला नर्तक उदय शंकर तर मुंबईत जे.जे.ला आणि मग लंडनला पेंटिंग शिकलेला माणूस, शास्त्रीय नृत्याचं रीतसर शिक्षण नाही आणि १९२३ला आना पावलोवा या रशियन बॅले नर्तकीसोबत स्टेजवर.

आता मुद्द्याचं. स्टेप्स शिकू नका, वजन शिका. रील्स बघून स्टेप बसते हो, पण ती नुसती हातापायांची बसते, मध्ये कंबर-पाठ कोरडीच राहते. बॅले अंगाचं वजन लपवतं, मॉडर्नवाल्यांनी ते उघड वापरायला घेतलं. त्यातल्याच डोरिस हम्फ्रीचं सगळं कामच तोल जाणं आणि सावरणं यावर उभं आहे, तिच्याकडे शिकलेल्या होसे लिमोनने तेच पुढे नेलं. आणि हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही असं नाही. शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या कुणालाही विचारा, गुडघे ताठ ठेवले की खांदा सोलवटतो, गुडघे सैल सोडून पालखीच्या झोक्याबरोबर गेलं की तीच पुढचा झोका देते. जाखडी, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनृत्य, बघाल तेव्हाही हात सोडा, गुडघे बघा.

घरी सुरुवात अशी करा. उभ्याचं जमिनीवर आडवं व्हायचं, सावकाश आठ आकडे मोजत, आणि आवाज येता कामा नये. लादीवर हाड वाजलं की समजायचं वजन दिलं नाही, टाकलं. आधी गुडघे वाकवा, एक पाय मागून सरकवा, मग पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, बरगडीची बाजू अशी जिथे मांस आहे तिथून उतरत जा. गुडघ्याची वाटी, माकडहाड आणि कोपर कधीच आधी टेकवू नका. मग त्याच वाटेने परत वर. नवीन पोरं धप्पकन पडतात आणि हसतात, पण आठवडाभरात आवाज कमी होतो, तेव्हा माझ्या दृष्टीने त्यांचा डान्स सुरू झालेला असतो.

लादीवर उड्या मारू नका, खाली काँक्रीट असतं, ते दबत नाही आणि नडग्या धरतात. पावसाळ्यात गिरक्या पण नको, दमट हवेत तळवा लादीला चिकटतो, अंग फिरतं, पाय तिथेच राहतो आणि पीळ बसतो गुडघ्याला. उड्या-धावणं करायचं तर ओहोटीला पुळणीवर जा, पण ओल्या घट्ट वाळूत, कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो. ओल्या वाळूचा अजून एक फायदा आहे, चाललात की मागे वळून ठसे बघा, टाच खोल आणि बोटं नुसती उमटलेली दिसली तर तुम्ही मागे रेलून चालताय. आरसा हे सांगत नाही.

क्रिएटिव्ह मूव्हमेंटला तर क्लासची वाट बघूच नका. रोजचं एक काम घ्या, समजा सुपात तांदूळ पाखडणं. आधी हुबेहूब करा, मनगटाचा हिसका कुठे सुरू होतो, दाणे हवेत असताना हात क्षणभर कसा थांबतो ते धरा. मग सूप सोडा आणि तोच हिसका खांद्याने करा, मग कमरेने, मग आख्ख्या पाठीने, मग खूप हळू, मग जड, मग जमिनीवर झोपून. हालचालींचा अभ्यास करणाऱ्या रुडॉल्फ लाबानने हालचाल बघायला वजन, वेळ, जागा आणि ओघ या चार गोष्टी दिल्यात, एका वेळी त्यातली एकच बदलायची. नुसतं 'म्युझिक लावून मनाला येईल तसं नाचा' म्हटलं की माणूस पाहिलेली गाणीच नाचतो, बंधन घातलं की काहीतरी स्वतःचं निघतं.

टेक्निकचं मात्र बाहेर जाऊनच करा. ग्रॅहमचं काँट्रॅक्शन घ्या, दिसायला वाटतं नुसतं पोक काढलंय, पण ते श्वास सोडताना ओटीपोटातून निघतं, खोकताना आत हिसका बसतो ना तिथून, आणि खांदे खाली कोसळायचे नसतात. चुकीचं केलं तरी स्क्रीनवर बरोबरच दिसतं, कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगावं लागतं. मुंबई-पुण्यात वर्कशॉप्स होत असतात, वर्षातून दोन आठवडे जरी काढलेत आणि बाकी वर्ष तेच घोटलंत तरी खूप. पैसे भरायच्या आधी विचारा की फ्लोअर वर्क, म्हणजे जमिनीवर बसून-झोपून करायचं काम, आहे का आणि जमीन कसली आहे, पहिल्या दिवसापासून गाण्यावर कोरिओग्राफी असेल तर राहू द्या, बोर्डावर कंटेम्पररी लिहिलेलं असलं तरी.

घरी शूट कराल तर मोबाईल समोर न ठेवता बाजूला ठेवा, पाठीचा बाक तिथूनच दिसतो. आणि नी पॅड घ्या, व्हॉलीबॉलवाले चालतात, जवळ नाही मिळाले तर चिपळूणला स्पोर्ट्सच्या दुकानात बघा.