धनुर्वाताचं विष चेतापेशीत नेमकं काय करतं? उतारा दिल्यावरही रोगी लगेच का सुटत नाही?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी बाबांच्या खाटेशेजारी बसून रोज डॉक्टरांना विचारत होतो.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. सुपारी गोळा करताना बाबांच्या टाचेत कुंपणाच्या बांबूची काडी खोल घुसली. थोरले काका म्हणाले, "लोखंड नाही, गंज नाही, मग इंजेक्शन कशाला?" हळद लावून फडकं बांधलं. नवव्या दिवशी सकाळी पेजेचा चमचा बाबांच्या दातांवर आपटला. तोंड उघडेचना. दाढ सुजली असेल, असं आईला वाटलं. संध्याकाळपर्यंत मान ताठ. इस्पितळात त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं, तरी बाहेर कुणाच्या हातून ताटली पडली की अंगाची कमान व्हायची. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकलेल्या. आणि शुद्ध शाबूत, म्हणजे प्रत्येक कळ सोसायची.

विष जखमेजवळच्या नसांच्या, म्हणजे चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरतं आणि नसेतूनच मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथं ते स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींत घुसतं. या पेशी ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं सोडून 'थांब' सांगतात. रसायनं बारीक पुटिकांत भरलेली असतात, आणि पुटिका पेशीच्या कडेला जुळून रिकामी व्हायला सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन लागतं. विष नेमकं तेच कापतं. हे १९९२ साली उलगडलं. पुटिका भरलेल्याच राहतात, 'थांब' म्हणणारं कुणी उरत नाही, स्नायू आवळतच जातात. बोटुलिनम या दुसऱ्या एका जंतूच्या विषाचा बी प्रकारही हेच प्रथिन कापतो, पण नस स्नायूला भिडते तिथं. तिथं स्नायूला 'आवळ' हा निरोपच पोचत नाही, म्हणून त्यात अंग लुळं पडतं.

उतारा फक्त पेशीबाहेरचं विष अडवतो. आत शिरलेलं त्याच्या हाती लागत नाही. बाबांना उठून बसायला पाच आठवडे लागले.

काका दर चवथीला अजून तेच म्हणतात, बांबूला गंज कुठं होता! गंजाचा काही संबंध नाही. जंतूंची बीजं मातीत असतात, शेणात असतात. खोल, हवा न लागणारी जखम मिळाली की झालं. बागायतीत राबणाऱ्या माणसानं लस चुकवणं हा शुद्ध हट्ट आहे.

प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन लागतं असं मात्र नाही. लसीचे सगळे डोस झाले असतील तर शेवटच्या डोसनंतर स्वच्छ जखमेला दहा वर्षं चालतात, मातीच्या खोल जखमेला पाचच. आणि धनुर्वात होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, म्हणून बाबांनाही नंतर लस घ्यावी लागली. काकांनी अजून घेतलेली नाही. कुळागरात ते अनवाणीच जातात.