दोन राजांची राणी एम्मा

प्रश्न : इंग्लंडच्या एम्मा राणीने पहिल्या पतीचे राज्य जिंकणाऱ्या शत्रूशीच दुसरा विवाह केला, असे वाचले. हे तिच्यावर लादले गेले, की तिने स्वतः ठरवले? तिचे नाव काही ठिकाणी एल्फगिफू असे का येते?
– एक वाचिका, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नावाचे आधी सांगतो. एल्फगिफू हे तिचे सासरचे नाव. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नववधूचे नवे नाव लिहितात, तशातलाच हा प्रकार. मात्र हे नाव त्या घरात आधीपासून होते, कारण पहिला पती, इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या आजीचेही नाव तेच होते.

१००२ मधला हा पहिला विवाह सरळसरळ राजकीय सोयरीक होती. इंग्लंड लुटणाऱ्या डॅनिश टोळ्यांना फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीच्या बंदरांत आसरा मिळत असे. तो तुटावा म्हणून एथेलरेडने तिथला ड्यूक दुसरा रिचर्ड याची बहीण मागितली. सईबाईंच्या रूपाने फलटणच्या निंबाळकरांशी जोडलेले नाते किंवा शिर्क्यांशी झालेले साटेलोटे आपल्याला ठाऊक असल्याने, मुलीच्या लग्नात दोन घराण्यांचा हिशेब असतो हे वेगळे सांगायला नको. या वेळी एम्माला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या विवाहाचे तसे नाही. १०१६ मध्ये एथेलरेड वारला, डेन्मार्कचा कनूट इंग्लंडचा राजा झाला आणि १०१७ मध्ये त्याने एम्माशी लग्न केले. एडवर्ड आणि आल्फ्रेड हे तिचे पहिले मुलगे नॉर्मंडीत मामाच्या आश्रयाला होते. त्यांचा पक्ष घेऊन मामाने चाल करू नये, हा कनूटचा हेतू उघड आहे. परंतु कनूटला आधीच्या स्त्रीपासून मुलगे असल्यामुळे, आपल्या पोटी होणाऱ्या मुलालाच गादी मिळेल अशी शपथ एम्माने त्याच्याकडून घेतली, असे तिनेच लिहवून घेतलेल्या लॅटिन ग्रंथात म्हटले आहे. ग्रंथ तिच्या बाजूचा आहे हे धरूनही, ही अट घालणारी बाई केवळ सोंगटी नव्हती, असे माझे ठाम मत आहे. विंचेस्टरच्या मठातले १०३१ च्या सुमाराचे रेखाचित्र पाहावे : वेदीवरच्या मोठ्या क्रुसाच्या दोन बाजूंना राजा-राणी उभी आहेत, कनूटचा एक हात क्रुसावर तर दुसरा तलवारीच्या मुठीवर आहे, आणि वर रेखाटलेल्या ख्रिस्ताच्या उजव्या हाताची, मानाची बाजू एम्माला दिलेली आहे.

या मानाची किंमत मात्र पहिल्या मुलांनी मोजली. कनूटच्या मृत्यूनंतर, १०३६ मध्ये, आल्फ्रेड इंग्लंडला आला तेव्हा त्याला पकडून त्याचे डोळे काढण्यात आले आणि त्यातच तो गेला. कनूटपासून झालेला हार्थकनूट १०४० मध्ये राजा झाला आणि दोनच वर्षांत वारला. मग गादीवर आलेल्या एडवर्डने १०४३ मध्ये स्वतः विंचेस्टरला जाऊन आईचा खजिना आणि जमिनी जप्त केल्या. आपल्यासाठी तिने फारसे काही केले नाही, ही त्याची तक्रार होती. ही तक्रार निराधार म्हणवत नाही. आईने लिहवून घेतलेल्या त्या ग्रंथात त्याच्या वडिलांचे, म्हणजे एथेलरेडचे, नाव एकदाही येत नाही.