ललिता पवार यांनी कायम खाष्ट सासूच केली का?

नाही, आणि हे मला अगदी पोटतिडकीने सांगायचं आहे. सासू हा त्यांच्या कारकिर्दीचा एक तुकडा. तो टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागत राहिला, म्हणून तेवढाच लोकांच्या डोक्यात बसला.

१९१६ साली येवल्यात जन्मलेल्या ललिताबाईंचं मूळ नाव अंबा सगुण. मूकपटात त्या लहानपणीच आल्या आणि पुढे नायिका झाल्या. सासू वगैरे तेव्हा कुणाच्या मनातही नसेल. बोलपट आल्यावर 'हिम्मत-ए-मर्दां'मध्ये (१९३५) आपली गाणी त्यांनी स्वतःच गायली.

मग १९४२ च्या सुमारास चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची नस दुखावली, तीन वर्षं उपचार चालले, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं संपली. तरी प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या, 'ध'चा 'मा' करणाऱ्या. तेव्हा वय जेमतेम अठ्ठावीस!

आता तो डोळा नीट बघा. रागाच्या प्रसंगात तो बारीक होतो आणि समोरचा गारठतो. पण तोच डोळा मायेच्या प्रसंगात ओला होतो तेव्हा जीव कळवळतो. 'श्री ४२०'मधली फुटपाथवरची केळीवाली आठवा. 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) त्या भाच्यांना धाकात ठेवणाऱ्या कडक बाई आहेत, आणि पांढरी दाढी लावलेल्या शम्मी कपूरवर त्यांचा जीव जडतो. हसण्यावारी जाऊ शकला असता असा प्रसंग, पण उतारवयातलं ते लाजणं त्यांनी इतकं खरं केलंय की शेवटी त्यांच्यासाठीच वाईट वाटतं.

माझ्या मते त्यांना सगळ्यात नीट ओळखलं ते दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींनी. 'मेमदीदी'त त्यांना मध्यवर्ती भूमिका दिली, 'आनंद'मध्ये करड्या शिस्तीची मेट्रन केलं. आणि त्याआधीचा 'अनाडी' (१९५९)! त्यातली मिसेस डिसा ही घरमालकीण तोंडाने भाडेकरू राज कपूरला फाडून खाते आणि मनाने त्याची आई असते. सदोष औषधाने तिचाच जीव जातो, आणि आळ येतो राजवर. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

१९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या घरी रविवारी सकाळी सगळी आळी गोळा व्हायची. ललिताबाईंची मंथरा पडद्यावर आली की आजी बोटं मोडायची. पुढे कधीतरी दूरदर्शनवर 'अनाडी' लागला. मिसेस डिसा गेली तेव्हा आजी पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, "आजी, ही मंथराच आहे गं." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गप बस," म्हणाली, "बघू दे मला."