सामुराई आणि नाइट
प्रश्न : आमच्या गावचा भुईकोट किल्ला पाहिला की जहागीरदार आठवतात. जपानचे सामुराई आणि युरोपातील नाइट हेही तसेच जमिनीवर पोसलेले लढवय्ये होते का?
– एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : आरंभी बऱ्याच अंशी होय, पुढे नाही. नाइट बोडक्या डोक्याने गुडघे टेकून, जोडलेले हात धन्याच्या हातांत देऊन निष्ठेची शपथ घेई आणि बहुधा जमीन मिळवी. एकानेच अनेक धन्यांच्या जमिनी घेतल्यामुळे लढाईत बाजू कोणाची घ्यावी, हा पेच तिथे वारंवार पडे. सामुराईही आधी खेड्यांतच राहत. मात्र १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली, लढवय्ये आणि कुणबी यांची फारकत पक्की होत गेली आणि किल्ल्याभोवतीच्या शहरांत राहू लागलेल्या बहुतेक सामुराईंचे वेतन ‘कोकू’ या मापाने तांदळात ठरू लागले. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, ढोबळमानाने एका माणसाची वर्षाची बेगमी. (आपल्याकडे सालदाराच्या बोलीत धान्य ठरे, तसेच काहीसे, मान अर्थात फार वेगळा.) दीर्घ शांततेत यांतील अनेक जण कारकुनी करू लागले, तरी कमरेच्या दोन तलवारी सुटल्या नाहीत, त्या १८७६ च्या सरकारी हुकुमाने उतरल्या.